एका खडीसाखरेचं पान

जगाच्या पाठीवर काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून पोट भरणारे जेवढे म्हणून लोक आहेत, त्या सगळ्यांवर माझ्या वहिनीचे उपकार आहेत आणि त्यांतल्या एकालाही त्याचा पत्ता नाही. दीर म्हणून मी कौतुकाने फुगवून सांगतोय असं कुणाला वाटलं, तर वाटू दे. फुगवून सांगायची मला सवय आहेच, पण हे वाक्य मात्र जसंच्या तसं खरं आहे. मुलुंडच्या आमच्या घरात, एका बाजूला कुकरच्या शिट्ट्या आणि दुसऱ्या बाजूला माझ्या आईचे शेरे ऐकत, जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप टेकवून या बाईने जे केलं, ते आमच्या खानदानात कुणी केलेलं नाही. आमच्या खानदानाची एरवीची मोठी कामगिरी म्हणजे माझे आजोबा गिरणीच्या कबड्डी संघात राखीव खेळाडू होते.

वहिनीचं माहेर पार्ल्याचं. पार्लेकरांना दुसऱ्याची चूक दिसली की आधी आनंद होतो आणि मग कळवळा येतो. वहिनीचं उलटं, तिला थेट रागच येतो. आणि तोही माणसांचा नाही, सूचनांचा. सूचना देणारं कुठलंही लिखाण, मग ते औषधाच्या बाटलीवर असो, लिफ्टमध्ये असो की शेवयांच्या पाकिटावर, तिच्या नजरेतून सुटत नाही. तिची नोकरीही तीच, एका कंपनीत यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायची. पण नोकरी संध्याकाळी सुटते, हिचं व्रत सुटत नाही. लग्न होऊन आली तेव्हा आईने तिला आपल्या मालवणीत माशाच्या सारात मीठ ‘चवीपुरता’ घालायला सांगितलं. नवी सून पदर खोचून शांतपणे म्हणाली, “आई, चवीपुरतं म्हणजे कुणाच्या चवीपुरतं? माझ्या चवीने घातलं तर तुम्ही जेवणार नाही.”  आईने हसून चमचा दाखवला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात मीठ चमच्याने मोजलं जातं. पवईवरून आरेच्या कडेने जाणाऱ्या बसमधून आम्ही दोघं अंधेरीला कामाला जायचो. रस्त्यात एक पाटी लागायची, ‘बिबट्याचा वावर आहे, सावध राहा’. वहिनी न चुकता खिडकीशी पुटपुटायची, “सावध राहा म्हणजे काय करा? पळा, की उभे राहा? बिबट्या समोर आल्यावर माणसाने विचार करत बसायचं का?” एकदा पुढच्या सीटवरचे गृहस्थ वळून म्हणाले, “ताई, आजवर कुणाला दिसला नाही.” वहिनी म्हणाली, “काका, दिसला त्यांना विचारलंत का?”

तिचा सगळा धर्म एका वाक्यात मावतो: आधी सांगा काय जाणार, मग सांगा काय मिळणार. आमच्या सोसायटीत टाकी धुवायची होती तेव्हा सेक्रेटरींनी जिन्याखाली नोटीस लावली. तिच्यात टाकीची स्वच्छता, आरोग्याचं महत्त्व, कंत्राटदाराची निवड असं सगळं आलं आणि शेवटच्या ओळीत आलं की उद्या पाणी नाही. वहिनीने ती नोटीस काढून घरी आणली, शेवटची ओळ कात्रीने कापली आणि सगळ्यात वर चिकटवून परत लावली. सेक्रेटरी रागावले. पण दुसऱ्या दिवशी अख्ख्या इमारतीत बादल्या भरलेल्या होत्या, आणि कोरडे राहिले ते एकटे सेक्रेटरी, कारण आपलीच नोटीस पुन्हा वाचायची त्यांना गरज वाटली नव्हती.

या बाईचा दुसरा गुण म्हणजे बोलणं. ती झोपेतही बोलते असं दादा सांगतो, आणि दादा खोटं बोलत नाही, कारण त्याला बोलायला मिळतच नाही. म्हणूनच तिने शोधून काढलेली खडीसाखरेची रीत मला जगातलं मोठं तप वाटते. तिचं म्हणणं असं, की पान लिहून झालं की ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसापुढे ते ठेवायचं, त्याने वाचून तसं तसं करायचं, आणि लिहिणाऱ्याने शेजारी बसून एक अक्षर बोलायचं नाही. “तोंडाने समजवावं लागलं तर ते लिहिलंच नाही असं धर,” ती म्हणायची. पण वहिनीला अक्षर न बोलणं म्हणजे काय! म्हणून ती खडीसाखरेचा एक मोठा खडा तोंडात धरते. खडा विरघळेपर्यंत गप्प. आणि वाचणाऱ्याचं काम व्हायच्या आत खडा विरघळला, तर पान लांबलं, पुन्हा लिहा. आमच्या घरात पानांची लांबी खडीसाखरेत मोजतात. वॉशिंग मशीनचं पुस्तक चार खड्यांचं होतं, तिने ते एकावर आणलं आणि झाकणाला आतून चिकटवलं.

आता मूळ गोष्ट. मी प्रोग्रामर आहे, आणि आम्हा लोकांकडे कामाचा इतिहास सांभाळणारं एक साधन असतं. जगभरच्या लोकांनी मिळून, फुकट बनवलेलं आणि फुकट वाटलेलं. तुम्ही काम करता करता मध्ये मध्ये त्याच्याकडे नोंद करायची. नोंद केलेलं काही कधी हरवत नाही, वर्षांपूर्वीचंही काढून देतं. देवमाणूसच तो. फक्त त्याला बटणं नाहीत की चित्रं नाहीत. एक काळी खिडकी, तिच्यात शब्द टाइप करून आज्ञा द्यायची. कुठली आज्ञा काय करते हे विचारलं तर ते एक मदतीचं पान दाखवतं. ही पानं त्या साधनाच्या जाणकारांनी जाणकारांसाठी लिहिलेली. म्हणजे ज्याला रस्ता माहीत आहे त्याला ती रस्ता बरोबर सांगतात.

मी तेव्हा शाळांच्या वेळापत्रकांचा एक प्रोग्राम लिहीत होतो. नोकरीतलं माझं पहिलं एकट्याचं काम. गणपतीची सुट्टी संपल्यापासून त्याच्यात मान घालून बसलो होतो, आणि नीट चालेपर्यंत नोंद करायची नाही असं नवख्या माणसाच्या संकोचाने ठरवलं होतं. एका दुपारी एक फाइल बिघडली. तेवढीच पहिल्यासारखी करायची होती. मदतीचं पान उघडलं, पहिलं उदाहरण पाहिलं, जसंच्या तसं टाइप केलं. त्या उदाहरणाच्या शेवटी एक टिंब होतं. टिंबाचा अर्थ ‘इथलं सगळं’, आणि तो अर्थ दिला होता दुसऱ्याच पानावर. काळी खिडकी काही बोलली नाही. तिची तशी पद्धतच आहे, काम फत्ते झालं की गप्प राहायचं. माझं सुट्टीपासूनचं सगळं काम गेलं होतं. मग मी पान शेवटपर्यंत वाचलं, आणि अगदी तळाशी, उदाहरणं आणि तळटिपा संपल्यावर, लिहिलं होतं की या आज्ञेने नोंद न केलेले बदल नाहीसे होतात.

आमचे साहेब मनाने वाईट नव्हते, पण जिभेला हाड नव्हतं. सगळ्यांसमोर म्हणाले, “पूर्ण वाचायचं ना यार! एवढी वाट लावलीस? इंग्लिश वाचता येत नाही का तुला?” मी मराठी शाळेतून आलेला. ते वाक्य जिथे बसायचं तिथे बसलं. त्या संध्याकाळी जेवताना मी जाहीर केलं की मला हे काम जमणार नाही, मी ही लाइन सोडतो. दादाने पाण्याचा पेला खाली ठेवला. आई म्हणाली, “आधी जेव, मगे सोड.” वहिनी काहीच बोलली नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. हात धुऊन ती म्हणाली, “पान दाखव.”

तिने ते पान वाचलं. मग पुन्हा वाचलं. लॅपटॉप माझ्याकडे वळवून म्हणाली, “भावजी,” (मला ती एरवी अरे-तुरे करते, भावजी म्हणाली की समजावं प्रकरण गंभीर आहे) “तुम्हाला वाचता येतं. या पानाला सांगता येत नाही. तुम्ही वाचलंत आणि वाचलं तसं केलंत. आता राजीनामा द्यायचाच तर या पानाने द्यावा.” मला इतकं भरून आलं की मी उठून बाल्कनीत गेलो. तिथे आईच्या वाळत घातलेल्या सुकटांचा वास येत होता, त्यामुळे डोळ्यांत पाणी का आलं हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते पान बदलणं हा आमच्या घरचा उद्योग झाला. फुकट साधनाचं एक बरं असतं, कुणीही सुधारणा पाठवू शकतो. वाईट एवढंच, की ती घ्यायची की नाही हे ठरवायला माणसं बसलेली असतात. वहिनीला वाचणारा माणूस हवा होता आणि तो घरातच सापडला. माझी आई टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली. इंग्रजी खणखणीत, कॉम्प्युटर शून्य. वहिनीने तिला लॅपटॉपपुढे बसवलं आणि म्हणाली, “आई, तुम्हाला हवं ते लिहा.” आईने वरच्या मजल्यावरून ठिबकणाऱ्या ओल्या कपड्यांबद्दल सोसायटीला एक जहाल तक्रार टाइप केली, एकेका बोटाने, तीन दुपारी बसून. मग वहिनीने तोंडात खडा टाकला आणि जुनं पान पुढे ठेवलं. आईने चष्मा लावला, ट्रंक कॉल जोडताना लावायची तो आवाज लावला, मोठ्याने वाचलं आणि पहिलं उदाहरण टाइप केलं. तक्रार गडप.

“गो, माझी तक्रार खंय गेली?” आई ओरडली. वहिनी गप्प. “बोल ना गो! दातखीळ बसली काय?” वहिनीने गालातला खडा बोटाने दाखवला. आई तळाशी पोचली, ती ओळ वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. “ह्या आधी सांगूक काय झाला होता तेका? सरळ बोलाक शिकलो नाय काय तो?” वहिनीच्या डोळ्यांत त्या क्षणी जो आनंद होता, तो मी तिच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेला नाही.

मग नवी पानं निघू लागली. वहिनी लिहायची, आई वाचायची, मी मधल्या मधे आज्ञा बरोबर आहेत का ते बघायचो आणि दादा खडीसाखर आणायचा. कधी आई टिंबापाशी अडायची, कधी एखाद्या शब्दापाशी म्हणायची, “हो कोण पाहुणो?” की तो शब्द जायचा. शेवटी जे पान उरलं त्याची पहिली ओळ मी इथे मराठीत सांगतो: ‘थांबा. ही आज्ञा दिली की नोंद न केलेलं सगळं काम जाईल, आणि ते परत मिळणार नाही.’ त्याच्या खाली, एकच फाइल कशी परत आणायची. त्याच्या खाली, टिंब म्हणजे काय. आईने नव्याने टाइप केलेली तक्रार समोर होती. तिने पहिली ओळ वाचली, बोट उचललं आणि हात मांडीवर घेतला. “मगे मी दाबूचय नाय!” वहिनी ताडकन उठली, खडा घशात गेला, आणि पाठीवर थापा मारून मारून आम्ही तिला माणसांत आणलं. खडा अर्धाही विरघळला नव्हता.

पान पाठवलं. वहिनीने सोबत आईवर घेतलेली चाचणी आणि जुन्या पानातल्या चुकाही लिहून पाठवल्या, पार्ल्याच्या पद्धतीने, एकही न सोडता. चार दिवसांनी लांबच्या कुठल्याशा थंड देशातून त्या पानांची देखरेख करणाऱ्या गृहस्थांचं उत्तर आलं. सभ्य, थोडक्यात आणि बर्फासारखं. पानात चुकीचं काही नाही, इशारा दिलेला आहे, वाचणाऱ्याने शेवटपर्यंत वाचावं अशी अपेक्षा आहे. आणि ज्या निवृत्त बाईंवर चाचणी घेतली, त्या आमच्या साधनाच्या वापरकर्त्या नव्हेत.

हे आईला सांगू नये असं माझं मत होतं. वहिनीने सांगितलं. “मी तेंची वापरणारी नाय? माझी तक्रार खाल्ल्यान आणि मी कोण नाय?” आईने फोन नंबर मागितला. तो नाही म्हटल्यावर ती जरा वेळ धुमसली, आणि मग वहिनीने लिहून पाठवलेलं सगळं वाचून दाखवायला सांगितलं. ऐकून झाल्यावर म्हणाली, “तुझाच चुकला गो बाय. तो राखणदार आसा. येशीवर किती वर्सां उभो आसा, कोण जाणे. राखणदाराक गाऱ्हाणा घालतव तेवा आधी काय ठेवतव?”

“नारळ,” वहिनी म्हणाली.

“तू तेका दगड मारलंस.”

आमच्या गावाकडे वेशीवर राखणदाराचं ठिकाण असतं. त्याला मान दिल्याशिवाय कुणी काही मागत नाही. तो दिसत नाही, पण सगळं गाव त्याच्या जिवावर निर्धास्त झोपतं. पार्ल्यात वेस नाही आणि राखणदारही नाही, त्यामुळे वहिनीला हे सुचलं नव्हतं. पण तिचं मोठेपण असं, की सूचना नीट असेल तर ती सासूकडूनही घेते. तिने दुसरं पत्र लिहिलं. त्यात आधी नारळ ठेवला: इतकी वर्षं, कुणी न सांगता, फुकट, तुम्ही ही पानं सांभाळलीत, माझा दीर आणि त्याच्यासारखे कितीतरी तुमच्या जिवावर पोट भरतात, तुमचे आभार कुणी मानले नसतील म्हणून मी मानते. आणि मग एकच मागणं. कृपया जुनं पान तुमच्या घरातल्या एखाद्या माणसाला वाचायला द्या. तोंडात गोड काहीतरी धरा. आणि बोलू नका.

मग काहीच आलं नाही. दिवाळी झाली. वहिनी लॅपटॉप उघडायची, बघायची, मिटायची. माझं म्हणाल तर मी वेळापत्रकाचा प्रोग्राम पुन्हा लिहीत होतो, पण प्रत्येक आज्ञेआधी बोटं अडायची. ते पान तसंच राहिलं तर साहेबांचं वाक्यही तसंच राहणार, असं माझ्या मनाने घेतलं होतं. मी ते कुणाला बोललो नाही. वहिनीला न बोलता कळलं होतं, म्हणून तर ती मिटलेला लॅपटॉप पुन्हा उघडत होती.

उत्तर आलं ते एका रविवारी, आई कोलंबी सोलत असताना. वहिनीने उभ्याउभ्याच मोठ्याने वाचलं. गृहस्थांनी लिहिलं होतं, ‘मी पेपरमिंटची गोळी तोंडात ठेवली आणि बायकोला पान दिलं. तिने आमच्या बागेबद्दल दोन पानं लिहिली होती. ती दोन्ही पानं गेली. माझी गोळी संपेपर्यंत बायको माझ्याकडे बघत होती. तुमचं पान मी घेत आहे. आभारांबद्दल आभार; ते खरंच कुणी मानले नव्हते.’ त्याखाली एक प्रश्न होता. या साधनात प्रत्येक सुधारणेच्या नोंदीबरोबर ती कुणी लिहिली आणि कुणी तपासली त्यांची नावं राहतात. तपासणाऱ्या म्हणून कुणाचं नाव घालू?

वहिनीने आईचं पूर्ण नाव कळवलं. आईने कोलंबीचे हात पुढे धरून विचारलं, “किती दिस रवतला ह्या नाव?”

“कायमचं, आई. यातलं काही पुसत नाहीत.”

“रेशन कार्डार माझा नाव अजून चुकीचा आसा,” आई म्हणाली, “आणि तो ह्या बरोबर लिवतलो? बरो माणूस दिसता.” त्या दिवशी कोलंबीत मीठ जास्त झालं. चमचा मोजायला कुणाचं लक्ष नव्हतं.

पुढे काही महिन्यांनी साधनाची नवी आवृत्ती आमच्या ऑफिसात आली. एका दुपारी साहेब माझ्याच शेजारच्या मशीनवर काहीतरी दुरुस्त करत होते. त्यांनी तीच आज्ञा विचारायला मदतीचं पान उघडलं. मी मान वळवली नाही, पण कान वळवले. किबोर्डचा आवाज थांबला. साहेबांचा हात अधांतरी राहिला, मग हळूच मागे आला. त्यांनी आधी नोंद केली, मग पुढे गेले. “बरं झालं आधीच सांगितलं साल्यांनी,” ते स्वतःशीच म्हणाले, “झकास लिहिलंय यार. कोणी लिहिलं?”

“माझ्या वहिनीने,” मी म्हणालो.

साहेब हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले. मी काळ्या खिडकीत त्या पानाचा इतिहास काढून दाखवला: लिहिणारी वहिनी, तपासणारी आई. माझ्या आयुष्यात मी छाती फुगवून उभा राहिलो असेन तर तो तेवढाच प्रसंग. साहेबांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली आणि म्हणाले, “त्या दिवशी मी जास्त बोललो रे.” मी म्हटलं, “चालतं सर.” त्यानंतर आज्ञा देताना माझी बोटं कधी अडली नाहीत.

आई गेली त्याला आता दोन वर्षं होतील. वहिनीची पानं चालूच आहेत. त्या थंड देशातल्या गृहस्थांचं दर दिवाळीला पत्र येतं, बागेच्या फोटोसकट. वाचायला हल्ली मी बसतो, पण मला सगळं आधीच कळतं, त्यामुळे मी काही कामाचा नाही असं ती म्हणते. आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी आत गेलो, तर वहिनी टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप उघडून बसली होती. काळ्या खिडकीत त्या पानाचा इतिहास होता, आणि त्यात आईचं नाव, बरोबर लिहिलेलं. मी शेजारची खुर्ची ओढून बसलो. बराच वेळ वहिनी काही बोलली नाही. खडीसाखरेची बरणी आत फळीवर होती, आणि तिचं झाकण घट्ट लावलेलं होतं.